छप्पर नवं, पागोळी दिराच्या अंगणात

प्रश्न: आमचं गाव अमळनेर तालुक्यात. 2012 मध्ये सासऱ्यांनी दोन्ही भावांना घराची वाटणी करून दिली. अर्धं घर आमचं, त्याला लागून दिरांचं अंगण. घराच्या उताऱ्यावर माझं आणि मालकांचं नाव आहे. मालक सुरतेला कामाला असतात. गेल्या उन्हाळ्यात जुने पत्रे काढून काँक्रीटची कौलं टाकली. पत्रा भिंतीबाहेर सहा इंच होता, मिस्त्रीनं आता छप्पर दीड फूट पुढे काढलं. पावसाळ्यात दिरांच्या ओट्याच्या कडेला चर पडला. ते म्हणतात, कौलं काढा, नाही तर मी फोडतो. आढ्यावरची दोन कौलं तडकली, घर गळतं, पण ते अंगणात परांची बांधू देत नाहीत. चाळीस वर्षं पाणी तिथेच पडतं, मग आता हरकत कशी?

उत्तर: ताई, चाळीस वर्षांचा मुद्दा आधी बाजूला ठेवा. त्याच्यावर विसंबून कोर्टात गेलात तर पहिल्याच उलटतपासणीत अडचणीत याल. वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार आणि हक्कानं वापर केला की दुसऱ्याच्या जागेवर सुविधाधिकार, म्हणजे ती जागा ठरावीक कामापुरती वापरण्याचा हक्क, मिळतो, हे खरं (भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882, कलम 15). पण हा हक्क दुसऱ्याच्या जागेवर मिळतो. 2012 पर्यंत घर आणि अंगण एकाच कुटुंबाचं होतं, आणि आपल्याच जागेवर आपलाच सुविधाधिकार नसतो. म्हणून तुमची वीस वर्षं वाटणीपासून मोजायची. ती भरायला वेळ आहे.

तुमच्या कामाचं कलम 13 आहे. एकत्र मिळकतीची वाटणी होते तेव्हा, वाटणीच्या वेळी जो वापर उघड दिसत होता, सतत चालू होता आणि तो हिस्सा तसाच वापरायला गरजेचा होता, तो वाटणीनंतरही टिकतो. अट एकच: वाटणीपत्रात उलट काही ठरलेलं नसावं. तेव्हा ते कपाटातून काढा आणि ‘पाणी आपापल्या हद्दीत घ्यावे’ अशी ओळ कुठे आहे का ते बघा. वाटणीपत्रं लिहिणारे जुने लोक अशी ओळ सहज टाकून जायचे. ती नसेल तर सहा इंचांच्या पत्र्यावरून पडणारं पाणी दिरांच्या अंगणात पडू देण्याचा हक्क तुम्हाला सांगता येतो.

दीड फुटाचा मात्र नाही. कलम 23 खालचं उदाहरण वाचलं तर कुणी तुमचंच घर बघून लिहिलंय असं वाटेल: छपराच्या पागोळ्यांचं पाणी शेजाऱ्याच्या जमिनीवर सोडायचा हक्क असला, तरी त्या जमिनीवरचा बोजा वाढत असेल तर वळचण पुढे काढता येत नाही. हा कायदा आपल्याकडे 1891 पासून लागू आहे. म्हणजे खानदेशात लोक धाब्याच्या घरात राहायचे आणि पाणी परनाळीतून एकाच जागी पडायचं, त्या काळापासून. ओट्याकडेचा चर हा वाढलेल्या बोजाचा पुरावा आहे, आणि तो दिरांच्या बाजूनं बोलतो. शिवाय कौलं त्यांच्या जागेवर लोंबतात, ती पाण्याशिवायही हरकतीची गोष्ट आहे. ‘ग्रामपंचायतीची परवानगी होती’ हा बचाव इथे चालत नाही; परवानगीनं शेजाऱ्याची जागा तुमची होत नाही.

पण दिरांनाही हातोडा घेऊन चढता येणार नाही. जादा वापर त्यांनी आपल्या हद्दीत राहून अडवावा, तोही जुन्या हक्काला धक्का न लावता (कलम 31). नाही तर दावा लावून मनाई आणि वाढीव भाग काढण्याचा हुकूम मागावा. कौलं फोडली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 प्रमाणे तो नासधुशीचा गुन्हा आहे. एवढं त्यांना शांतपणे कळवा, चारचौघांत नको.

आता व्यवहाराचं. काँक्रीटचं कौल साधारण 420 मिलिमीटर लांब असतं आणि खालच्या ओळीवर 75 ते 100 मिलिमीटर चढलेलं असतं. म्हणजे वळचणीची एकच ओळ काढली, वासे-रिपा तेवढ्याच मागे कापल्या, की छप्पर जवळजवळ फूटभर मागे येतं आणि तुम्ही जुन्या सहा इंचांच्या आसपास पोचता. सगळं छप्पर उतरवायची गरज नाही. मागे आलेल्या कडेला पन्हळ लावून पाणी नळीनं तुमच्याच बाजूला उतरवा. मिस्त्री म्हणेल की भिंतीवर झड येईल. येऊ द्या, भिंतीला गिलावा करता येतो. दाव्याच्या तारखा दहा वर्षं चालतात.

परांचीच्या बाबतीत तुमची बाजू कमजोर आहे. पाण्याचा हक्क बजावण्यापुरता आत जाण्याचा दुय्यम हक्क कलम 24 देतं, पण आढ्यावरची कौलं बदलण्यासाठी ते ताणता येईल असं मला वाटत नाही. आढं तुमच्या बाजूनं शिडी लावून गाठा, किंवा परवानगी मागा. माझ्या मते ही परवानगीच सौद्याची किल्ली आहे: तुम्ही ओळ मागे घ्यायची, ओटा दुरुस्त करून द्यायचा, आणि त्यांनी दोन-तीन दिवस परांची बांधू द्यायची.

हे बोलण्यावर सोडू नका. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण (दावा लावण्याआधीच लोक अदालतीपुढे नेलेला वाद) म्हणून अर्ज द्या. महिलेला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोक अदालतीत झालेली तडजोड हुकूमनाम्याइतकीच बांधील असते, तिच्यावर अपील नाही. तडजोडीत छपराची कड भिंतीपासून किती इंच राहील, पन्हळ कुणी साफ करायची आणि दुरुस्तीला किती दिवस अंगण वापरायचं, हे आकड्यांत लिहा.

तोवर तुमच्या आणि मालकांच्या नावानं अमळनेरच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे दिरांनी मनाई मागितली तर तुमचं ऐकल्याशिवाय हुकूम होणार नाही. ते 90 दिवस चालतं, संपलं की पुन्हा करा. कौलं काढण्याआधी कडेपासून भिंतीपर्यंत टेप धरून, आकडा दिसेल असे फोटो काढून ठेवा.

आणि मिस्त्री. छप्पर पुढे काढायला तुम्ही सांगितलं नव्हतं आणि कौलं पहिल्याच पावसात तडकली, तर ती सेवेतली त्रुटी आहे. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही. पावत्या नसतील तर पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदी आणि त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे निरोप पुसू नका.