एचटीएमएल स्ट्रिंगमधील लिंकचे पत्ते रेग्युलर एक्स्प्रेशनने बदलावेत का?

आपल्या चादरी-टॉवेलच्या दुकानाच्या संकेतस्थळाचे डोमेन बदलले आहे, मालाची वर्णने डेटाबेसमध्ये एचटीएमएल स्ट्रिंग म्हणून साठवलेली आहेत, आणि पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरात ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने) जुने पत्ते बदलताना एका ओळीत दोन लिंका आल्या की मधला मजकूर नाहीसा होतो, असा आपला प्रश्न आहे. मीही सोलापुरातच यंत्रमागधारकांची अशी संकेतस्थळे सांभाळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मजकूर गिळला जातो तो पॅटर्नमधल्या, म्हणजे त्या सूत्रातल्या, टिंब आणि तारका (.*) या ‘कितीही अक्षरे’ सांगणाऱ्या जोडीमुळे. ही जोडी मिळेल तितके पुढे धावते आणि त्या ओळीतल्या शेवटच्या अवतरण चिन्हापाशी थांबते, त्यामुळे पहिल्या लिंकचा आरंभ आणि दुसऱ्या लिंकचा शेवट हा एकच पत्ता समजला जातो. त्याऐवजी चौकटी कंसात ‘अवतरण चिन्ह सोडून कोणतेही अक्षर’ असे लिहावे. तारकेपुढे प्रश्नचिन्ह लावण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. पण पॅटर्नचा पुढचा भाग जुळत नसेल, तर तोही अवतरण चिन्ह ओलांडून पुढे जातो.

एवढ्याने आपली आजची अडचण सुटेल, तरी मी तिथे थांबणार नाही. कुठे एकेरी अवतरण चिन्ह असते, कुठे बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा, कुठे एचरेफ (href, ज्यात लिंकचा पत्ता असतो ते अॅट्रिब्यूट) कॅपिटल अक्षरांत, तर कुठे डेटा-एचरेफ नावाचे वेगळेच अॅट्रिब्यूट. प्रत्येक अपवादासाठी पॅटर्न वाढवत गेलो, तर महिन्याभराने तो आपल्यालाच वाचता येत नाही. म्हणून लिंक शोधण्याचे काम पार्सरकडे, म्हणजे एचटीएमएलची रचना समजून वाचणाऱ्या साधनाकडे, द्यावे आणि हाती आलेल्या पत्त्यापुरतेच रेग्युलर एक्स्प्रेशन वापरावे, असे माझे ठाम मत आहे. पत्त्यातला अँपरसँड (&) एचटीएमएलमध्ये सांकेतिक रूपात (&) असतो. तो उलगडून देण्याचे आणि परत लिहिताना पुन्हा बांधण्याचे कामही पार्सर करतो.

मराठी मजकुराबाबत मात्र सावध राहावे. पीएचपीच्या डॉमडॉक्युमेंट या जुन्या पार्सरला एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) सांगितले नाही, तर तो मजकूर यूटीएफ-८ न मानता आयएसओ-८८५९-१ मानतो आणि ‘चादर’ हा शब्द परक्या चिन्हांची रांग होऊन बसतो. स्ट्रिंगच्या आधी एन्कोडिंगची घोषणा जोडावी, किंवा पीएचपी ८.४ असल्यास त्यातला एचटीएमएल-५ नुसार चालणारा नवा पार्सर घ्यावा.

पत्ता हाती आल्यावर त्याचे भाग पाडून केवळ होस्टचे, म्हणजे पत्त्यातल्या डोमेनचे, नाव संपूर्ण जुळते का ते तपासावे. नुसता तुकडा शोधला, तर ज्यांच्या नावात आपले नाव येते अशी दुसऱ्यांची डोमेनेही बदलली जातील. ईमेलच्या आणि फोनच्या लिंकांना होस्ट नसतो, त्यामुळे त्या आपोआप वगळल्या जातात. व्हॉट्सॲपवर पाठवण्याच्या लिंकमध्ये दुकानाचा पत्ता प्रश्नचिन्हानंतरच्या मजकुरात दडलेला असतो; तो वेगळा हाताळावा.

सर्व वर्णने एकाच एडिटरमधून आलेली असतील आणि काम एकदाच करायचे असेल, तर सुधारलेला आपला पॅटर्नही चालेल. पण आधी बॅकअप घ्यावा आणि काहीही न बदलता जुळलेल्या पत्त्यांची फक्त यादी काढून ती डोळ्यांखालून घालावी. वर्णने पीएचपीच्या सीरियलाइझ केलेल्या रूपात (माहितीची सगळी रचना एका स्ट्रिंगमध्ये बांधून) साठवलेली असतील, तर थेट बदल मुळीच करू नये, कारण त्यात प्रत्येक स्ट्रिंगची बाइटमधली लांबी नोंदलेली असते आणि नव्या डोमेनची लांबी निराळी असल्यास ती नोंद परत वाचताच येत नाही.