उंडीचं बी उगवत नाही? आधी कवच बघा

परभणी तालुक्यातल्या एका शेतकरी दादांनी विचारलंय: "डिसेंबरात गुहागरला गेलो होतो. किनाऱ्यावरून उंडीची पंधरा फळं आणली, वरची साल काढून वाफ्यात लावली. दोन महिने झाले, एकही कोंब नाही. बी खराब निघालं का? उगवलं तर बांधावर लावू का?"

दादा, वाफा मोडू नका. उंडीच्या सालीखाली लाकडासारखं टणक कवच असतं. त्या कवचासकट लावलेलं बी उगवायला दोन महिने सहज घेतं, आणि सगळं उगवतही नाही. कवच काढून नुसता दाणा लावला तर तीन आठवड्यांच्या आसपास मोड दिसतो. त्यात तुम्ही लावलं ऐन थंडीत. किनाऱ्यावरच्या झाडाला आपल्याकडची थंडी मानवत नाही.

दोन-तीन बिया उकरा. दगडावर धरून हातोडीनं हलके टोले द्या. चीर पडली की थांबा आणि कवच हातानं सोडवा. जोरात मारलं तर दाणाच फुटेल. दाणा फिका पिवळसर नि टणक असला तर जिवंत समजा. तपकिरी, तेलकट, चिकट झाला असेल तर तो फक्त तेलाच्या कामाचा. कोकणात हे कडू तेल दिव्याला आणि होड्यांना वापरत आले आहेत. दाणा विषारी आहे, लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

चांगले दाणे रात्रभर पाण्यात ठेवा. माती, वाळू, कुजलेलं शेणखत मिसळून पिशव्या भरा आणि दाणा जेमतेम झाकेल इतकाच खोल लावा. उन्हाळाभर पिशव्या कडुलिंबाच्या सावलीत ठेवा, गरम वाऱ्याला आडोसा करा. ओल टिकवा, चिखल नको.

बांधाचं मात्र मला पटत नाही. हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथलं हे झाड. आपल्याकडे पावसाळ्यात साडेसातशेच्या आसपास, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की कोवळी मुळं तुटतात. बांधाला करंज लावा, तो तग धरतो. उंडीची दोनच रोपं विहिरीजवळ किंवा न्हाणीचं पाणी जातं तिथं लावा. सात-आठ वर्षं वाट बघावी लागेल. पण पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका, आणि तो वास! त्यासाठी जपा.

दाणा ओळखू आला नाही तर उकरलेल्या बिया बाजारच्या दिवशी घेऊन या. समोर बसून फोडू.