बाबा पुढच्या महिन्यात रिटायर होतायत, त्यांचा दिवस कसा जाईल? त्यांना कुठला छंद लावू?

खरं तर मी अशा प्रश्नांना उत्तरं देत नाही, पण तुमच्या प्रश्नात खाली एक ओळ आहे, "आईचा प्रश्न नाही, तिलाही दोन वर्षांपूर्वी निवृत्ती मिळाली पण तिला घरात कामं असतातच." ती ओळ वाचली आणि बसले लिहायला. बाबांचं सांगतेच, पण आधी हे ऐका.

मी ड्राफ्ट्समन होते, म्हणजे फॅक्टऱ्यांची, पाईपलाईनची ड्रॉईंग काढायचे. हो, कागदोपत्री शेवटपर्यंत ड्राफ्ट्समनच, बाई असले तरी. सुरुवात टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनियाच्या प्रिंटवर, पुढची सगळी वर्षं कॉम्प्युटरवर, ऑटोकॅडमध्ये. माझ्या निरोपाच्या दिवशी घरचे लोक जमले होते, तिथे माझे दीर बोलायला उठले आणि म्हणाले, वहिनींना कसलं टेन्शन, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात बदली, फक्त इथे रजा मिळत नाही. सगळे हसले. आमचे हेही हसले. हे माझ्या आधी रिटायर झालेले, आणि तेव्हा मात्र घरात महिनाभर चर्चा, याचं मन कशात रमवायचं, याला एकटं वाटायला नको, कुणी कॅमेरा घे म्हणतंय कुणी भाषा शिक म्हणतंय. माझ्या वेळी एकानेही विचारलं नाही की तू काय करणार.

दिराचं म्हणणं खरं ठरवायला लोकांनी वेळ लावला नाही. ऑफिसला जात होते तोवर कुणाची हिंमत नव्हती, पण घरी बसल्यावर बँकेत जरा जाऊन ये, गॅसवाला येईल तेवढं घरी थांब, तुला काय आता वेळच वेळ आहे, मी जरा बाहेर जातेय मुलाला बघशील ना. एकेक काम पाच मिनिटांचं असतं म्हणून नाही म्हणता येत नाही आणि संध्याकाळी बघावं तर दिवस संपलेला, हातात काही नाही. त्यात हे. पेपर वाचून झाला की दारात उभे, काय करतेस, आता कुठे निघालीस, किती वाजता येशील. जपानमधल्या नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी 1991 साली यावर चक्क आजाराचं नाव काढलं होतं, नवरा रिटायर होऊन घरी बसला की बायकोचं डोकं दुखतं, पोट बिघडतं, बीपी वाढतं. बायकोचं हं, नवऱ्याचं नाही. मी हे यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, तिकडचे लोक फार काम करतात ना म्हणून.

मग आमच्या बाथरूमची भिंत ओली व्हायला लागली. प्लंबर आला, म्हणाला लाईन कुठून गेलीये? कुणालाच माहीत नाही. बिल्डिंगच्या फायलीत दर्शनी बाजूचं सुंदर ड्रॉईंग आहे, पाईपचं एक नाही. त्याने अंदाजाने टाईल फोडल्या, एक, मग शेजारची, मग खालची, लाईन निघाली भलतीकडे. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मला अक्षरशः लाज वाटत होती, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या फॅक्टऱ्यांच्या पाईपलाईन काढल्या आणि स्वतःच्या घराची शीट नाही!

दुसऱ्या दिवशी टेप घेतला. एकेक व्हॉल्व्ह बंद करून कुठला नळ थांबतो ते लिहीत गेले, डक्टमध्ये टॉर्च टाकून बघितलं, फोडलेल्या जागी पाईप जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजलं. टेपचं दुसरं टोक यांनी धरलं, दारात उभे राहून प्रश्न विचारण्यापेक्षा बरं. मग मोठ्या ए-टू शीटवर, एकास पन्नास या प्रमाणात, हाताने. मुद्दाम हाताने. गार पाण्याची लाईन निळी, गरम लाल, सांडपाण्याची तुटक रेघ, जिथे दिसलं नाही नुसता अंदाज आहे तिथे तसं लिहिलेलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक म्हणजे ड्रॉईंगच्या नावाची चौकट, तारीख, रिव्हिजन झिरो, म्हणजे अजून एकही दुरुस्ती न झालेली पहिली प्रत. भिंतीवर लावलं. वरच्या मजल्यावरच्यांनी बघितलं आणि म्हणाले आमचं पण काढून द्याल का, शनिवारी आमच्याकडे काम सुरू होतंय.

शनिवार! रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला तारीख दिली होती. मी त्याच दिवशी जाहीर केलं की सकाळी दहा ते एक मी नाही. खोलीत आहे, पण नाही. फोन, बेल, कुरियर, नातवंडं सगळं यांच्याकडे. हे म्हणाले घरातल्या घरात ऑफिस कसलं. चार दिवस तोंड पाडून बसले, मग बेलला उठायला लागले, आणि गंमत म्हणजे त्यांचाही दिवस तिथून जागेवर आला, कारण दहा ते एक आता त्यांची ड्यूटी होती. पुढे आमच्याकडे परत गळती निघाली तेव्हा प्लंबरने शीट बघितली, मोजलं आणि एकच टाईल काढली. जॉईंट बरोबर तिच्या मागे. तो म्हणाला मॅडम हा कागद जपून ठेवा.

म्हणून सांगते, छंद हा प्रकार डोक्यातून काढून टाका. छंद ज्याला असतो त्याला नोकरीत असतानाच असतो. साठीला विकत आणलेला छंद कपाटावर जातो. माणसाला दिवस उभा करायला दोन गोष्टी लागतात, जायची एक जागा, भले ती शेजारची खोली असो, आणि आपल्या कामाची वाट बघणारं घराबाहेरचं कुणीतरी. नुसता वेळ मिळाला की माणूस मनासारखं जगतो हे खोटं आहे. ऑस्ट्रियात मारीएन्थाल नावाचं गाव होतं, तिथली कापडगिरणी 1930 च्या सुमाराला बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव घरी बसलं. मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस टिपले. आता वाटेल लोक वाचत बसले असतील. लायब्ररीची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. वेळ लावून बघितलं तर पुरुष रस्त्याने हळू चालत, सारखे थांबत. सकाळपासून काय केलं विचारलं तर सांगता येईना.

आणि बायका? त्या भराभर चालत होत्या, कारण घरचं काम होतंच. दिराला हे सांगितलं तर टाळी दिली, बघा, मी काय म्हणत होतो! पण पुढचं ऐकून घ्यायला थांबले नाहीत म्हणून इथे लिहिते, कधीतरी वाचतील. त्याच बायका सांगत होत्या की गिरणी परत सुरू झाली तर आम्हाला हवीय, पूर्वी गिरणी आणि घर दोन्ही करून जीव जायचा तरीही, आणि फक्त पैशासाठी नाही, चार भिंतींत एकटं राहून माणूस जिवंत असल्यासारखं वाटत नाही. घरकाम हात गुंतवून ठेवतं, पण त्याला तारीख नाही, रिव्हिजन नाही, ते कुणी भिंतीवर लावत नाही.

आता बाबांच्या बाकीच्या गोष्टी. पार्ट टाईम काम मिळत असेल तर जरूर करू द्या, फक्त जुन्याच ऑफिसात सल्लागार म्हणून नको, तिथे परवा हाताखाली असलेला माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि रोज अपमान झाल्यासारखं वाटतं. मॉर्निंग वॉकचा ग्रुप ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि पासष्टीनंतर आठवड्यात 3 दिवस तोल सांभाळायचे व्यायाम, ते मात्र लोक करत नाहीत, नुसते गप्पा मारत चालतात. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नका, वयाबरोबर शरीराचं घड्याळ तसंही पुढे सरकतं, संध्याकाळी लवकर पेंग येते नि पहाटे जाग येते, त्यात दुपारी दोन तास झोपलं की रात्र गेली आणि मग "रिटायरमेंट सोसत नाही". पहिले काही महिने मात्र काहीच ठरवू नका, फिरू दे, लोळू दे. कंटाळा त्यांचा त्यांना येऊ दे.

आता, मी हे सगळं टेबलावर बसून काम केलेल्या माणसाबद्दल बोलतेय. बाबांनी आयुष्यभर अंगमेहनत केली असेल तर त्यांना आराम हवा असेल, माझं ऐकू नका. पेन्शन पुरत नसेल तर प्रश्नच वेगळा आहे. आणि मारीएन्थालचे लोक बेकार होते, पेन्शनर नव्हते, हेही खरं. आणखी एक, दोन आठवड्यांहून जास्त दिवस जर ते कशातच रस घेत नसतील, झोप-भूक गेली असेल, तर त्याला रिकामपण म्हणू नका, डॉक्टरकडे न्या.

पण बाबांचं वेळापत्रक करायला बसाल त्याआधी आईला विचारा, दिवसातले कुठले तास तुला तुझे हवेत. "मला कशाला हवेत" असं म्हणेल. परत विचारा, बाबा समोर नसताना. ती सांगेल ते तास आधी लिहा आणि त्या वेळात बेल कोण बघणार, फोन कोण घेणार ते बाबांच्या नावापुढे लिहा. तिथून त्यांचा तक्ता सुरू करा.