टॅपेट (व्हॉल्व्हवरचा गॅप) तीनदा सेट केले, गेज बरोबर जातंय, तरी टकटक जात नाही, मेकॅनिक म्हणतो इंजिन उतरवा. काय करावं?

इंजिन लगेच उतरवू नका, आधी नुसतं टॅपेट कव्हर उघडा आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गेज बरोबर जातंय पण आवाज तसाच, असं तुम्ही लिहिलंय, आणि माझंही डिट्टो हेच झालेलं. जुनी 3 सिलिंडरवाली कार्ब्युरेटरची गाडी, सिंगल कॅम, रॉकरवर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारी पट्टी) गॅप सेट करायचा स्क्रू-नट, दोन महिन्यांत तीन वेळा सेटिंग केलं आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट केली की टकटकटक.

गेज खोटं का बोलतं ते सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) आपण घालतो स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांडीच्या मध्ये, आणि त्या वेळी रॉकरचं दुसरं टोक कॅमच्या गोल पाठीवर असतं. झीज होते कुठे? नाकावर, म्हणजे कॅमच्या उंचवट्याच्या टोकावर, जिथे स्प्रिंगचा पूर्ण दाब येतो. म्हणजे नाक घासून बोथट झालं तरी पाठीवरचं माप एकदम ओके येणार. दुसरं म्हणजे स्क्रूच्या टोकाला खळगा पडतो. गेजची पट्टी सपाट, ती खळग्याच्या काठांवर टेकते, त्यामुळे खळगा 0.10 मिमीचा असेल तर 0.15 ची पट्टी घट्ट जाऊनही खरा गॅप 0.25 निघतो. मग वाजणारच ना.

त्याआधी एक गोष्ट, आवाज खरंच वरचाच आहे ना? कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, आयडलला इंजिन 800 वर असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसहा ठोके, बारीक आणि खणखणीत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवा, मूठ कानाला लावा, कुठल्या सिलिंडरला जास्त येतोय ते कळतं (फॅन-बेल्टपासून शर्टाची बाही सांभाळा). खालून जड धडधड येत असेल, चढाला वाढत असेल, तर विषय वेगळा, मग मेकॅनिक बरोबर आहे. आणि ऑइल लेव्हल बघितलीत ना? हसू नका, अर्ध्या लोकांचं तिथेच सुटतं.

माझ्या गाडीला आवाजासोबत अजून एक त्रास होता, ॲक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरमधून फट-फट करायची आणि घाटात सेकंडवरच रडायची. कॉम्प्रेशन चेक केलं तर तिन्ही सिलिंडर जवळपास सारखे, म्हणून मेकॅनिक कार्ब्युरेटरच्याच मागे लागला. शेवटी कव्हर उघडून इंजिन हाताने फिरवत, डायल गेज (सरकणं मोजणारं काटेवालं गेज) लावून प्रत्येक व्हॉल्व्ह किती खाली जातो ते मोजलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट बाकी दोन एक्झॉस्टपेक्षा जवळजवळ 1 मिमी कमी उघडत होता. जळलेला गॅस पूर्ण बाहेर पडत नव्हता, मग इनटेक उघडला की तो उलटा वर यायचा. त्या लोबवरून (कॅमच्या उंचवट्यावरून) नख फिरवलं तर अक्षरशः कानशीवरून फिरवल्यासारखं लागलं, बाकीचे लोब काचेसारखे. तुलना करताना इनटेकची इनटेकशी आणि एक्झॉस्टची एक्झॉस्टशीच करा, दोन्हींची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) वेगळी असू शकते.

आता काम. नुसता कॅम बदलू नका, रॉकरपण नवे घ्या, झिजलेला रॉकर नवीन कॅमला लवकर खाऊन टाकतो. माझ्या मेकॅनिकने 'दोन रॉकर चांगले आहेत, चालतील' म्हणून बराच आग्रह केला, मी ऐकलं नाही. हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) कॅम बसतो त्या जागाही बघा, बऱ्याच गाड्यांत तिथे वेगळं बेअरिंग नसतं, डायरेक्ट ॲल्युमिनियम, त्यावर खोल ओरखडे असतील तर हेडचंच काम निघतं आणि तेव्हा खर्चाचा पुन्हा हिशोब करा.

आणि झिजलं का ते शोधल्याशिवाय नवीन माल टाकूच नका. माझ्यात रॉकर शाफ्टचं त्या बाजूचं ऑइलचं भोक काळ्या गाळाने बुजलेलं, चूक माझीच, ऑइल बदलायला टाळाटाळ. शाफ्ट काढून बारीक तार घातली, पेट्रोलने धुतला, हवा मारली.

टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा) काढायच्या आधी दोन्ही पुलीच्या खुणा जुळवा, फोटो काढून ठेवा. लोबना असेंब्ली ल्यूब (जोडणीच्या वेळी लावायचं घट्ट वंगण) लावा, बसवून झाल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडलं तर जोर लावू नका, टायमिंग चुकलंय. प्लग काढून आणि कॉइलची वायर सोडून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा, मगच स्टार्ट. गॅप थंड इंजिनवर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापाने. 500 किमीला ऑइल-फिल्टर बदला आणि जुन्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून लोखंडाचा कीस येतोय का बघा.

गाडी सीएनजीवर असेल तर मात्र उलटा प्रकार होऊ शकतो, व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जातो, म्हणजे आवाज वाढायच्या ऐवजी बंद होतो आणि आपण खूश, तोवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. तसं असेल तर सांगा, त्याचं वेगळं लिहितो.