वाचकांचे प्रश्न : हेल्मेटमधला हेडसेट

प्रश्न : फुल-फेस हेल्मेटमध्ये नवा ब्लूटूथ हेडसेट बसवला. घरात आवाज खणखणीत येतो, पण वेग ७० च्या वर गेला की नकाशाच्या सूचनाही कळत नाहीत. सेट खराब आहे का?

उत्तर : बहुधा सेट ठीक आहे, स्पीकर जागेवर नाही. हे स्पीकर साधारण ४० मिमी व्यासाचे असतात आणि इअरफोनसारखे कानात बसत नाहीत. कानाच्या भोकापासून एक-दीड सेंटीमीटर सरकले किंवा मधे तेवढी पोकळी राहिली, की आधी बास जातो, मग शब्द. अस्तरातल्या खळग्याच्या मधोमध स्पीकर चिकटवून मोकळे होण्याची सवय असते. कान मात्र तिथेच येईल असे नाही.

स्पीकर काढून हेल्मेट घाला, खालून बोट सरकवून कानाचे भोक चाचपा, त्यासमोर अस्तरावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. स्पीकरचा मध्य तिथे आला पाहिजे. मग गाणे लावून हेल्मेट दोन्ही बाजूंनी तळव्यांनी दाबा. दाबल्यावर आवाज एकदम भरला, तर स्पीकर लांब आहे. त्याच्या मागे फोमची चकती घाला. कानाला जेमतेम टेकावा इतपतच. वीस मिनिटांत कान दुखू लागला तर चकती काढा. जागा करण्यासाठी आतला थर्मोकोल मात्र कोरू नका. अपघातात धक्का तोच झेलतो.

एवढ्याने भागले नाही तर आवाज वाढवण्याआधी वाऱ्याकडे पाहा. ताशी १०० किमीच्या आसपास हेल्मेटमध्ये ९५ ते १०० डेसिबल गोंगाट सहज होतो, आणि कामाच्या जागेसाठीच्या एका प्रचलित निकषानुसार १०० डेसिबलला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ थांबू नये. त्यावर गाणी चढवणे म्हणजे कानावर दुहेरी मार. फोमचे इअरप्लग घातले की वारा आणि स्पीकर दोन्ही दबतात, तरी शब्द स्पष्ट होतात, कारण कान गोंगाटाने बधिर होत नाही. उलटे वाटते, पण करून पाहा. कानात काही घालून गाडी चालवण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेवढे आधी तपासा.

प्रश्न : मागच्या गाडीवाल्याला माझे बोलणे नाही, फक्त वारा ऐकू येतो.

उत्तर : माइकची स्पंजची टोपी हरवली असेल, नाहीतर माइक उलटा बसला असेल. बहुतेक माइकवर बाण किंवा ठिपका असतो. ती बाजू ओठांकडे हवी. फुल-फेसला वायरचा बटण-माइक हनुवटीच्या पट्टीच्या आत, हवेच्या झरोक्यापासून दूर लावा.

प्रश्न : आम्ही पाच जण, सेट वेगवेगळ्या कंपन्यांचे. एक मागे पडला की सगळ्यांचेच बोलणे तुटते.

उत्तर : साधा ब्लूटूथ इंटरकॉम साखळीने चालतो : पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी. मधली कडी लांब गेली की साखळीचे दोन तुकडे. म्हणून जोडणीचा क्रम हाच रस्त्यावरचा क्रम ठेवा. ज्याच्या सेटची रेंज सर्वांत कमी, तो टोकाला. ‘मेश’ म्हणजे जाळीसारख्या जोडणीच्या इंटरकॉममध्ये प्रत्येक सेट निरोप पुढे ढकलतो, एक गळला तर वाट बदलते. पण मेशही सहसा त्याच कंपनीच्या सेटशी बोलतो.

परक्या कंपनीचा सेट ‘युनिव्हर्सल’ जोडणीने जोडला, की तो तुमच्या सेटला फोन समजतो. त्यामुळे आवाज फोनसारखा मोनो येतो आणि काही सेटमध्ये खऱ्या फोनची जागा अडते. पाच जणांसाठी हा खटाटोप टिकत नाही. दोघांपुरता ठीक आहे. खोक्यावरची रेंज मोकळ्या मैदानाची असते. वळणे, झाडी, डोंगर आले की निम्मी धरून चाला.

प्रश्न : पावसात चालत्या गाडीवर पॉवर बँकेने चार्ज केले तर चालेल?

उत्तर : नाही. वॉटरप्रूफपणा चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण बंद असतानाचा असतो. थांबल्यावर, भोक कोरडे करून, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरने करा. काही सेट फास्ट चार्जर ओळखतच नाहीत. सेट महिनोन्महिने पडून राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा.