माटवीचे नारळ पांढरे, गणपती अंधारात

प्रश्न : आमचं घर कौलारू. चतुर्थीला संध्याकाळच्या आरतीचे फोटो डीएसएलआरने, किट लेन्स लावून, ऑटोवर काढले. माटवीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचे) पुढचे नारळ नि कवंडळं (रानफळं) पांढरीफटक, गणपती काळवंडलेला, समईचा उजेड गायब. खाली काळी अर्धगोल सावली, तीही सगळ्या फोटोंत. फ्लॅश बिघडलाय का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : फ्लॅश ठणठणीत आहे. आधी लेन्सचं हूड, म्हणजे तोंडावरचं कडं, काढा. कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सच्या जेमतेम वर उघडतो. हूड त्याच्या आड येतं नि सावली पडते.

आता नारळ. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. नारळ दीड मीटरवर आणि मूर्ती तीन मीटरवर असली, तर मूर्तीच्या वाट्याला नारळाच्या पाव उजेड येतो. तेव्हा मूर्तीपासून साडेचार मीटरपर्यंत मागे सरा, झूम करा आणि चक्क खाली बसा, म्हणजे पुढची कवंडळं चौकटीबाहेर राहतील. पण मागे गेलात की फ्लॅशचा दम संपतो. अशा छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, बहुधा 9 ते 12. नऊला लेन्सच्या छिद्राच्या आकड्याने, एफ 5.6 ने, भागा : आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) 100 वर उजेड पोचतो जेमतेम 1.6 मीटर! आयएसओ चौपट केला की अंतर दुप्पट. म्हणून 1600 ठेवा, 6.4 मीटरपर्यंत निभावेल. थोडे दाणे दिसतील, दिसू देत.

समई हरवते ती शटरमुळे. ऑटोवर फ्लॅश उघडला की कॅमेरा बहुतेक वेळा 1/60 सेकंदाच्या आसपास शटर धरतो, तेवढ्यात वातीचा उजेड नोंदतच नाही. ऑटो सोडा, स्लो सिंक (फ्लॅशसोबत शटर जास्त वेळ उघडं ठेवायची सोय) निवडा, शटर 1/15 करा आणि फ्लॅशची ताकद उणे एकवर आणा. फ्लॅश मिठासारखा, चवीपुरता. टाळ्या वाजवणारे हात थोडे हलतील. मला तर आरतीच्या फोटोत ते आवडतात. मूर्तीच्या ऑइलपेंटवर पांढरा ठिपका आला तर एक पाऊल बाजूला सरा. फ्लॅशवर टिश्यूपेपर चिकटवायचा सल्ला सगळे देतात. त्याने उजेड कमी होतो, ठिपका तिथेच राहतो. छतावरून उजेड परतवायची युक्ती कौलं नि काळ्या वाशांखाली चालायची नाही.

आणि एक फोटो फ्लॅश बंद करून, कॅमेरा स्टुलावर ठेवून, दोन सेकंदांच्या टायमरवर नक्की काढा. माझी पैज त्याच्यावर आहे.

प्रश्न : वेगळा घेतलेला फ्लॅश एकदा उडतो, मग बराच वेळ गप्प. उघडून बघू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अजिबात नको! आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) 300 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो टिकतो. साधे सेल काढून चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे घाला. व्होल्ट 1.2 च दिसतील, घाबरू नका; करंट भराभर देतात. चारही एकाच जातीचे, एकदम चार्ज केलेले हवेत. तरी गप्प राहिला तर फ्लॅशमधल्या, सेलला टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या खोडरबराने घासा, कण झटका आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे जा.