दाढ काढायच्या आधी थोडं थांबा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाच महिन्यांपूर्वी वरच्या डाव्या दाढेचं रूट कॅनॉल झालं, कॅप बसली, एक्स-रे स्वच्छ आला. दोन डॉक्टर म्हणाले, काही नाही. तरी गालात दिवसभर बोथट ठणका आहेच. आता तिसरे डॉक्टर म्हणतायत की दाढ काढून टाकू, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, आणि तुम्ही विचारताय की काढली तर सुटेन का.

माझं उत्तर: एवढ्या माहितीवर काढू नका. दाढ उद्याही काढता येईल, काढलेली परत बसवता येणार नाही. मी डॉक्टर नाही, पण या दुखण्यासोबत आठ वर्षं काढली आहेत आणि एक चांगली दाढ घालवून बसले आहे.

माझीही वरची डावीच. रूट कॅनॉल झालं, दुखणं राहिलं. पुन्हा उघडून रूट कॅनॉल केलं, दुखणं राहिलं. मग मुळाच्या टोकाची छोटी शस्त्रक्रिया, आणि शेवटी मीच हट्टाने दाढ काढायला लावली. ती गॉजच्या तुकड्यावर ठेवलेली होती. डॉक्टरांनी उलटसुलट करून दाखवली. मुळं स्वच्छ, कुठे तडा नाही. भूल उतरली आणि दोन तासांत तोच ठणका त्याच जागी, फक्त आता तिथे दात नव्हता. पंधरा दिवसांत तो शेजारच्या दाढेत गेला. किंवा मला तसं वाटलं. मी तीही काढायला निघाले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तसं माझं चाललं होतं, आणि सुळी द्यायला सांगणारी मीच.

त्या वेळी ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी काढायला साफ नकार दिला. त्याऐवजी त्यांनी दाढेभोवती भूल दिली, हिरडी आणि गाल लाकडासारखे होईपर्यंत थांबल्या आणि विचारलं, "आता दहापैकी किती?" मी म्हटलं, पाच. आधी सहा होतं. दाढ पूर्ण बधिर आणि दुखणं जागं! दुखण्याचा उगम त्या दाढेत असता तर ते भुलीबरोबर जवळपास विझायला हवं होतं. ही चाचणी शंभर टक्के खात्रीची नाही, भूल दिल्यावर थांबणारं दुखणंही कधीकधी बिघडलेल्या नसेचं निघतं. पण माझ्या डोक्यातलं "कोणती दाढ?" हे कोडं त्या दिवशी सुटलं. विचारायचा प्रश्न होता, "कोणत्या प्रकारचं दुखणं?"

"नस तर काढली, मग दुखतं कसं?" हे मला शंभर जणांनी विचारलं. रूट कॅनॉलमध्ये काढतात ते नसेचं दाताच्या आतलं टोक. ती नस पुढे हिरडीतून, जबड्याच्या हाडातून जाऊन मेंदूपर्यंत पोचते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक मोठी नस असते, ट्रायजेमिनल. तिच्या तीन शाखा: कपाळ-डोळा, गाल-वरचा जबडा, खालचा जबडा. दात काढणं, रूट कॅनॉल, इम्प्लांट, कधी नुसती सुईसुद्धा तिच्या बारीक फांदीला दुखावू शकते. बहुतेकांचं ते भरून येतं. काहींमध्ये मात्र जखम भरते आणि नस ओरडतच राहते. किंवा महिनोन्महिने दुखण्याचे निरोप येत राहून मेंदूच इतका हळवा होतो की साध्या स्पर्शालाही तो दुखणं समजतो. पाय कापलेल्या माणसाचा नसलेला पाय दुखतो हे लोक मानतात. दाताचं तसंच होऊ शकतं म्हटलं की मात्र हसतात.

हे काही नवीन खूळ नाही. जॉन हंटर नावाच्या स्कॉटिश शल्यविशारदाने 1778 मध्येच लिहून ठेवलंय की जबड्याच्या एका दुखण्यात दोष दातांवर येतो, एकामागून एक दात काढले जातात आणि दुखणं जागचं हलत नाही. रूट कॅनॉलनंतर सहा महिने किंवा जास्त काळ दुखत राहणाऱ्यांचं प्रमाण अभ्यासांमध्ये साधारण शंभरात पाच येतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या दुखण्याचं मूळ दातात नसतं. म्हणजे तुम्ही एकट्या नाही.

पण म्हणून लगेच "माझंही तेच" असं ठरवू नका. आधी दाताची बाजू नीट तपासून संपवा, आणि ती एकदाच. शक्यतो रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडून. वरच्या पहिल्या दाढेच्या मुळांत बहुतेकदा चौथी नळी असते आणि ती साफ करायची सुटून जाणं फार नेहमीचं आहे. साध्या एक्स-रेत ती लपते, सीबीसीटी स्कॅनमध्ये (म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेत) दिसण्याची शक्यता जास्त. कापसाचा बोळा चावून सोडताना कळ आली तर तडा असू शकतो. कॅप किंचित उंच असली तरी दाढ महिनोन्महिने कुरकुरते, निळा कागद चावायला लावून ते पाच मिनिटांत कळतं. वरच्या दाढांची मुळं सायनसला, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीला, खेटून असतात, म्हणून खाली वाकल्यावर गाल जड होतो का ते पाहा. आणि जबड्याचे स्नायू. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असेल, गालाचा स्नायू दाबल्यावर तुमचं तेच ओळखीचं दुखणं उमटत असेल, तर रात्री दात आवळण्याकडे लक्ष द्यायला हवं. माझ्यात हा भाग जवळजवळ तिसरा हिस्सा होता, आणि तीन वर्षं कोणी बोटाने दाबूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

एवढं करून काही सापडलं नाही तर दंतवैद्याच्या खुर्चीतून उठा. ओरल मेडिसिन किंवा चेहरा-जबड्याच्या दुखण्याचे तज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट, पेन क्लिनिक, जे मिळेल तिथे जा. तिथे दोन-तीन नावं ऐकू येतील, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणजे विजेचा झटका: काही सेकंद ते फार तर दोन मिनिटं, बोलताना, तोंड धुताना, वाऱ्याच्या झुळकीनेसुद्धा. त्याचं औषध कार्बामाझेपिन. मला एकदा तेच लेबल लावून ते औषध दिलं गेलं, गरगरण्यापलीकडे काही पदरात पडलं नाही, कारण माझं दुखणं झटक्यांचं नव्हतंच. दुसरं, नसेला इजा झाल्यानंतरचं दुखणं: सहसा जळजळ, मुंग्या, स्पर्श सहन न होणं किंवा बधिरपणा. तिसरं, ज्याचं कारण सापडत नाही असं सततचं चेहऱ्याचं दुखणं: रोज दोन तासांहून जास्त, तीन महिन्यांहून जास्त, बोथट, नक्की बोट ठेवता न येणारं, तपासण्या स्वच्छ. तुमचं वर्णन तिसऱ्याच्या जवळचं वाटतं, पण ते मी वाचून ठरवणं बरोबर नाही. एमआरआय सांगितला तर घाबरू नका. नसेवर रक्तवाहिनी किंवा गाठ दाबत नाही ना, हे मुख्यतः पाहायचं असतं.

काही गोष्टींसाठी मात्र थांबू नका: गालाला किंवा ओठाला बधिरपणा येऊन तो वाढणं, सूज, ताप, तोंड उघडेनासं होणं, तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, विनाकारण वजन घटणं. पन्नाशीनंतर नव्याने कपाळाची बाजू दुखायला लागली, चावताना जबडा थकायला लागला किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालताना, जिना चढताना जबडा दुखून बसल्यावर थांबत असेल तर आधी हृदय तपासा.

आता गोळ्या. साध्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, आणि रोज घेतल्या तर पोट आणि किडनी त्याची किंमत मोजतात. मला रात्री 10 मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन सुरू केलं. घरी येऊन पाकिटातला कागद वाचला, "नैराश्यावरील औषध". म्हणजे यांनाही मी वेडी वाटते, असं म्हणून गोळ्या कपाटात टाकल्या आणि दोन महिने वाया घालवले. हीच औषधं कमी मात्रेत नसांच्या दुखण्यावर वापरतात, तिथे त्यांचं काम वेगळं असतं. मात्रा हळूहळू वाढवतात आणि फरक दिसायला कित्येक आठवडे लागतात. पाचव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे खूप. सकाळची गुंगी मला पंधरा दिवस होती, मग गोळी रात्री दोन तास आधी घ्यायला लागले. तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट आणि सारखं घोटघोट पाणी. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, लघवी अडकणं यातलं काही असेल तर आधी सांगा. हे औषध सोसलं नाही तर नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन आहेत. कोणतंही मनाने सुरू करू नका, आणि मनाने एकदम बंद तर मुळीच नको.

गोळीइतकाच फरक मला एका खोडीने पडला, म्हणजे ती सोडल्याने. माझी जीभ दिवसभर त्या खड्ड्यात असायची. वर बोटाने हिरडी दाबून "आहे का अजून?" हे बघणं. रात्री दोन वाजता मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर आ करून उभं राहणं. एक दिवस कागदावर रेघ मारत गेले, संध्याकाळपर्यंत 63 रेघा. 63 वेळा मी माझ्याच नसेला विचारत होते, दुखतंय का? मग नियम केला: दिवसातून एकदा, दात घासताना. बाकी वेळ "न" म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे तिला ठेवायचं, ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे. एरवी वरचे-खालचे दात टेकलेले नसावेत हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं! पहिला आठवडा अवघड गेला. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की दुपारभर दुखण्याची आठवणच झाली नव्हती.

डायरी ठेवा, पण डॉक्टरांना दाखवण्यापुरती, दोन आठवडे. कधी वाढलं, किती, कशाने, झोपेतून उठवलं का. कायम लिहीत बसलात तर तीही त्या 63 रेघांसारखीच होते.

घरच्यांना काय सांगायचं? मी एवढंच म्हणते: दुखणं खरं आहे, फक्त ते दातात नाही, तारांमध्ये आहे. ताण आणि कमी झोप त्याला फुगवतात, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. मानसोपचार तज्ज्ञांकडेही गेले, जरा रागातच. त्यांनी दुखणं खोटं ठरवलं नाही. ते वाढलं की मी किती वेगाने "आता जबडाच गेला" इथपर्यंत पोचते, ते दाखवून दिलं. त्या घाबरण्यानेच अर्धी संध्याकाळ जायची.

एक चूक तुम्ही करू नका. नव्या कामाने दुखणं भडकेल या भीतीने मी दोन वर्षं दंतवैद्याकडे फिरकलेच नाही, आणि उजवीकडची दाढ खरोखरच किडली. गार पाण्याने सणकन कळ, पाणी गिळलं की गायब. तेव्हा मला आनंद झाला होता म्हटलं तर हसाल, पण झाला होता, कारण खरा दात कसा दुखतो ते विसरायलाच झालं होतं. डॉक्टरांना आधी सगळं सांगितलं, भूल पूर्ण चढेपर्यंत त्या थांबल्या, आणि त्या कामाने काहीही भडकलं नाही.

आज माझं दुखणं बहुतेक दिवस दोनवर असतं, वाईट आठवड्यात चार. शून्य झालेलं नाही. पूर्वी रोजचं सहा-सात होतं.

तुमच्याकडून दोन गोष्टी कळल्या तर आणखी नेमकं लिहिता येईल. रूट कॅनॉलच्या वेळी भूल चढल्यावर दुखणं पूर्ण थांबलं होतं का? आणि कापसाचं टोक दोन्ही गालांवरून, मग दोन्हीकडच्या हिरड्यांवरून हलकं फिरवून पाहा, डावीकडे स्पर्श वेगळा लागतो का? डॉक्टरांची पुढची भेट लांब असेल तर ही उत्तरं कागदावर लिहून ठेवा, तिथेही हेच विचारतील.